भोंगा वाजल्यावर लेकरं जाणार कुठं?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये एक नियम केला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. परभणीच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या त्यावरूनच जुंपली आहे. निम्मे म्हणतात, आपल्याकडंही भोंगा बसवा, लेकरं मोबाईलनं वाया चाललीत, आपल्याला कसे एकेक छंद होते! बाकीच्यांचं म्हणणं, छंदानं पोट भरत नाही, नीट परीक्षेचे मार्क बघा. जर्मनीतल्या कोलोनला बसून मी हे वाचतो आणि मला दोन्ही बाजू अर्ध्यामुर्ध्या वाटतात.

आमचा छंद रेडिओचा. विविध भारती सगळेच ऐकत, त्याला काही कुणी छंद म्हणत नसे. आम्ही शॉर्टवेव्हवाले, म्हणजे दूरदेशीची केंद्रं पकडणारे. माळवदावरून समोरच्या लिंबापर्यंत तांब्याची तार ताणायची आणि रात्री 31 मीटर बँडवर काटा केसाकेसानं सरकवत बसायचं. खरखरीतून एखादं वाक्य वर आलं की तारीख, वेळ, मीटर वहीत. मग 'सिनपो' भरायचा: आवाजाचा जोर, शेजारच्या केंद्राची लुडबूड, खरखर, आवाजाचं चढणं-बुडणं आणि एकूण मत, प्रत्येकाला पाचपैकी गुण. हा अहवाल टपालानं केंद्राला धाडायचा; तो त्यांच्या नोंदीशी जुळला की क्यूएसएल कार्ड, म्हणजे केंद्राची छापील पोचपावती, यायचं. डॉइचे वेले हे जर्मन केंद्र तेव्हा कोलोनहूनच बोलायचं, बॉनला ते 2003 मध्ये गेलं. त्यांचं कार्ड आलं की पोस्टमनकाका आधी स्वतः उलटसुलट करून बघत, 'कुठलं रे हे देऊळ?' म्हणून विचारत आणि मगच हातात देत.

आमचा श्रोता संघही होता. लेटरहेड छापलेलं, रबरी शिक्का केलेला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. साधा सभासद एकही नाही, कारण टाळकीच चार. बसायला वाचनालयाचा ओटा. ग्रंथपाल ओरडायचे, पण उठवायचे नाहीत.

हा ओटा मला महत्त्वाचा वाटतो. निजामी राजवटीत मराठवाड्यात साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे. तेव्हा चार माणसं जमायची ती वाचनालयात, नाहीतर तालमीत. आम्हाला मिळालेली जागा त्या पिढीनं कमावलेली होती. आम्ही आयते जाऊन बसलो.

इथल्या लेकरांच्या हातातही मोबाईलच आहे, परभणीच्या लेकरांइतकाच. पण मंगळवारी संध्याकाळी तोच पोरगा हँडबॉलला जातो, कारण त्याच्या गल्लीत 'फेराइन' आहे. फेराइन म्हणजे हौशी लोकांची नोंदलेली संस्था. हॉल बहुधा नगरपालिकेचा, वर्गणी बेताची. शिकवणारा दिवसभर नोकरी करून आलेला, आणि त्याच्या मानधनावर वर्षाला सुमारे तीन हजार युरोंपर्यंत कर माफ. सगळं आलबेल नाही. इथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात मी सर्वांत तरुण ठरतो आणि माझे केस पांढरे झालेत. 'नवी पोरं येत नाहीत' ही रड इथंही आहेच.

तरी एक गोष्ट ग्रुपवर आवर्जून सांगितली. फेराइन नोंदवायला इथं किमान सात माणसं लागतात. आपल्याकडचा संस्था नोंदणी कायदा 1860 चा, त्यातही सातच. म्हणजे कायदा आडवा येत नाही. सात माणसं आपल्याकडंही जमतात, पण गणपतीला आणि जयंतीला. बाकी वर्षभर त्या मंडळाचं कुलूप कोण उघडतं?

दुसरी बाजूही मी झटकून टाकणार नाही. ज्याच्या बापाचं सोयाबीन एकदा पावसाअभावी आणि पुढच्या वर्षी पावसानंच गेलं, त्याला लातूरच्या क्लासची फी हा चैनीचा खर्च वाटत नाही. मीही परीक्षेच्या शिडीवरूनच बाहेर पडलो. शिवाय आमच्या श्रोता संघात मुलगी एकही नव्हती. दिवेलागणीनंतर ओट्यावर बसायची मुभा फक्त पोरांना. आज खेड्यातल्या मुली लातूर-नांदेडला होस्टेलवर राहून शिकतात, हे आमच्या सगळ्या क्यूएसएल कार्डांहून मोठं आहे. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

पण सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज, असं चालल्यावर मोबाईलला दोष देण्यात काय हशील? उरलेल्या अर्ध्या तासात लेकरू दुसरं करणार काय? भोंगा मोबाईल खाली ठेवायला लावेल. त्या दीड तासात जायला जागा कोण देणार?

म्हणून मी ग्रुपवर सुचवलं की भोंग्याआधी एक किल्ली मागा. जिल्हा परिषदेच्या शाळा संध्याकाळी बंदच असतात. एक खोली, सात ते नऊ, मुलामुलींसाठी. बुद्धिबळ, तबला, सोल्डरिंग, काहीही चालेल. मार्क मात्र कुणी द्यायचे नाहीत.

'जबाबदारी कोण घेणार?' असा मेसेज लगेच आला. मी म्हटलं, सात नावं द्या. आतापर्यंत चार आलीत, त्यातले दोघं पुण्यात राहतात.