आफ्रिकन भाडेकरू नकोत म्हणे

आज आमच्या कांदिवलीच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'आफ्रिकन भाडेकरू ठेवू नयेत' हा ठराव हात वर करून मंजूर झाला. चर्चा नाहीच. त्याआधी पार्किंगच्या पट्ट्यांवरून मात्र पाऊण तास भांडण झालं होतं. विरोधात फक्त मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. डोकं अजून तापलेलं आहे.

मागे आमच्या विंगमध्ये घानाचा एक मुलगा राहायचा, फार्मसी शिकायला आलेला. भाडेकरार झालेला, पोलीस ठाण्यात नोंद झालेली. तरी कमिटीच्या हुकमावरून वॉचमन त्याला रोज रात्री गेटवर अडवून पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये लिहायला लावायचा. नाव, वेळ, फ्लॅट नंबर, कोणाकडे जायचंय. त्या शेवटच्या रकान्यात तो पुन्हा स्वतःचंच नाव लिहायचा. मी एकदा मागे उभी राहून हे पाहिलंय. मला कुणी अडवलं नाही.

एम.ए.च्या वर्गाला मी इंग्रजी कादंबरीकार कॉनराड शिकवते, मग नायजेरियन लेखक अचेबे. अचेबेने 1975 साली अमेरिकेतल्या भाषणात तोंडावर सांगितलं की कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' कादंबरीत आफ्रिका म्हणजे नुसता मागचा पडदा, तिथल्या माणसाला माणूस म्हणून जागाच नाही. वर्गात सगळे माना डोलावतात. गोऱ्यांची नजर वाईट! आणि तीच नजर आमच्या गेटवर खुर्ची टाकून बसलीये, तिचं काय? आज सभेत त्या मुलाचा विषय निघाला तर 'तो काळा' यापलीकडे एकालाही त्याचं नाव आठवेना. अहो, रोज रात्री दोन-दोनदा लिहून घेत होतात ना?

1893 साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला गांधींना गाडीतून उतरवलं, हे आपण शाळेपासून चिडून सांगतो. (त्या सुरुवातीच्या काळात गांधींनीही तिथल्या काळ्या लोकांबद्दल हीन लिहिलंय. मान्य.) पण तो अपमान फक्त आपला होता असं कुणी ठरवलं?

महाराष्ट्रात तर 'त्यांचं दुःख वेगळं, आपलं वेगळं' ही सबब चालायलाच नको. जोतिरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या भल्या लोकांना. इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि तिकडच्या गुलामांचं दुःख एकच आहे हे त्यांना पुण्यात बसून कळलं होतं. 1972 साली याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेपासून प्रेरणा घेऊन. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, त्याच्या गनिमी काव्याच्या गोष्टी आमच्या कमिटीतले दोघं रंगवून सांगतात. 11 एप्रिलला ऑफिसातल्या फुल्यांच्या तसबिरीला हार घालणारे हात आज ठरावासाठी वर होते.

हो, ड्रग्जच्या प्रकरणांत काही परदेशी पकडले जातात. पकडा की! मासे खाता म्हणून मराठी माणसाला, मुसलमान म्हणून मुसलमानाला घर नाकारलं की आपण सगळे पेटून उठतो. मग आज काय झालं?

ठराव मांडणाऱ्या काकांवर मला धड रागावताही येत नाहीये. त्यांचा मुलगा मेलबर्नला. 2009 साली तिथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते तेव्हा काका रात्र रात्र जागायचे. लिफ्टमध्ये माझ्यासमोर रडले होते, 'रंग बघून मारतात गं' म्हणाले होते. निर्दयी नाहीये हा माणूस. म्हणून तर जास्त लागतं.

सभेनंतर दोघीजणी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, 'तो मुलगा तसा चांगला होता हं.' असेल. नसता तरी काय? घरभाडं भरणाऱ्याने चांगलं असल्याचा दाखला रोज गेटवर का द्यायचा? आपल्यापैकी कोण देतं?

उद्या सकाळी सेक्रेटरींच्या हातात लेखी विरोध देणार आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेणार आहे. काकू सही करतायत. आमच्या सोसायटीतले जे कुणी हे वाचताय आणि सभेला आला नव्हतात, त्यांनी आज रात्रीच मला फोन करा.