१९७८ मध्ये पण कात्री होती, सर

परवा एका विक्रेत्यानं मला पाचांपैकी एक तारा दिला. सोबत शेरा : 'गिऱ्हाईक घेत काही नाही, नुसते प्रश्न विचारते.' जिची किंमत ऐकून माणूस आधी टेकायला भिंत शोधतो, त्या वस्तूबद्दल चार प्रश्न विचारायचे नाहीत, तर काय हळदकुंकू वाहायचं?

वस्तू म्हणजे केनर या खेळणी-कंपनीचा जावा, 'स्टार वॉर्स' सिनेमातलं झगेवालं बुटकं पात्र. १९७८ साली 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या बारा फिगर, म्हणजे प्लॅस्टिकच्या बाहुल्या, आल्या, त्यातला हा. बाकीचे पावणेचार इंचांच्या हिशेबातले, हा बराच बुटका. सुरुवातीला त्याच्या अंगावर व्हिनाइलचा केप होता. इतरांइतकेच पैसे घेऊन एवढासा जीव द्यायचा आणि वर प्लॅस्टिकचा तुकडा, हे बरं दिसेना म्हणून कंपनीनं लवकरच कापडी झगा चढवला, असं सांगतात. कापडी जावा ढिगानं सापडतो. व्हिनाइलवाला सापडत नाही, म्हणून तो तयार केला जातो. आतली फिगर दोन्हींत सारखीच असल्यामुळे पायावरचा शिक्का कितीही खरा निघाला तरी उपयोग शून्य. सगळा खटला केपवर चालतो. त्याच संचातल्या उंच बेन केनोबीचा व्हिनाइल केप स्वस्तात मिळतो, तो खालून कापला की झाला 'दुर्मीळ' जावा. मात्र खालून कापलं म्हणून वरचे खांदे आखडत नाहीत. हातांची भोकं उंच माणसाच्या मापाचीच राहतात, आणि कापलेली कड साच्यातून निघालेल्या कडेसारखी दिसत नाही.

म्हणून मी कडेचा जवळून फोटो मागितला.

"ओरिजिनल आहे सर. पाण्यात तरंगतो."

आणि व्हिडिओ आला. वाडग्यात पाणी, पाण्यावर केप, सुट्टीवर आल्यासारखा पहुडलेला. मागे पंख्याचा आवाज.

आता ही तरंगण्याची परीक्षा आहे, नाही असं नाही. पण ती बंदुकांची. जुन्या फिगरच्या मूळ बंदुका बहुतेक तरंगतात, नकली बऱ्याचदा बुडतात. तीही शंभर टक्के नाही. काही खऱ्या बुडतात, काही खोट्या ऐटीत तरंगतात. केपचा तर संबंधच नाही. व्हिनाइल पाण्यापेक्षा जड असतं, फक्त पातळ तुकडा पृष्ठताणावर टिकून राहतो. हे सगळं मी सभ्य शब्दांत लिहिलं आणि म्हटलं, बोटानं जरा दाबून दाखवा, खाली जाईल.

"मग बोट लावू नका ना सर."

ठीक. खांद्याचा फोटो मागितला. "जावा आहे, त्याला खांदे कुठून असणार?" उजेडात धरून दाखवा म्हटलं. "उजेडानं व्हिनाइल खराब होतं सर, तुम्ही कलेक्टर ना?" वाईट हे, की इथे तो बरोबर होता. शेवटी सरळच लिहिलं की कड कात्रीनं कापल्यासारखी वाटते. दोन मिनिटं काही नाही. मग :

"१९७८ मध्ये पण कात्री होती सर."

यावर काय उत्तर असतं? होती. त्याआधीही होती.

लाइटसेबरचं, म्हणजे सिनेमातल्या प्रकाशाच्या तलवारीचं, प्रकरण तरी सोपं. ल्यूक, बेन आणि व्हेडर या फिगरच्या हातातून तलवार सरकते. साध्या तलवारीचं बारीक टोक जाड भागाशी एकजीव असतं. सुरुवातीच्या, आता दुर्मीळ असलेल्या दुहेरी तलवारीत ते पोकळ जाड भागातून वेगळं बाहेर येतं. तेव्हा बाहेर काढलेल्या टोकाचा फोटो पुरत नाही, टोक सरकताना दिसलं पाहिजे. आणि सांध्याशी गोंद चमकतोय का तेही बघायचं. केनरचीच आणखी एक फिगर, निळा स्नॅगलटूथ, तर मला मनापासून आवडतो. केनरकडे त्या पात्राचा कृष्णधवल, अर्धवट फोटो होता म्हणून त्यांनी त्याला उंच केलं, निळे कपडे दिले आणि बूट घातले. सीअर्स या अमेरिकी दुकानाच्या कँटिना संचातून तो विकलाही गेला. पुढे चूक सुधारली, तर आला लाल, बुटका, अनवाणी. अशी प्रामाणिक चूक जपून ठेवावीशी वाटते.

१९९५ साली आलेल्या फिगरच्या नव्या मालिकेत तलवारी नको तितक्या लांब निघाल्या, मग आखूड केल्या. मधल्या काही पाकिटांत आखूड तलवार पाकिटातल्या लांब तलवारीसाठीच्या खाचेत बसली, आणि लोक त्या रिकाम्या खाचेचे जादा पैसे मोजू लागले. बहुधा तिथूनच हिशेब बिघडला. आता चुकीची वाट कोण बघतो? कंपन्याच मुद्दाम काढतात : तोच साचा, दुसरा रंग, डोक्यावर टोपडं घालून एक, काढून एक, आणि अख्ख्या पेटीत त्यातलं एकच. ते दुकानात लागायच्या आत, चढ्या भावानं विकायला, उचलणारे वेगळेच. त्यांना फिगरचं नावही धड येत नाही.

त्यात २०२२ च्या सुमारास, आता या फिगर काढणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीनं प्लॅस्टिक वाचवायला सहा इंची फिगरच्या खोक्याची खिडकीच काढली. हेतू चांगला, पण डोळे तिरळे रंगवलेत की सरळ, हे पैसे भरल्यावर कळायचं. आत भलतीच फिगर भरून खोकी परत करणाऱ्यांची तर चंगळ झाली. पुढे खिडक्या परत आल्या. ते बिनखिडकीचं खोकंही लवकरच कोणीतरी 'दुर्मीळ व्हेरिएंट' म्हणून विकायला काढेल, आणि ते आमच्यातलाच कोणीतरी न उघडता घेईल.