२५२० चा 'चमत्कार' आणि सहावीतला लसावि

सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीच्या पूजेच्या, बोंडाची चर्चा चालू असते, कापसाला काय भाव निघाला हे कोणी विचारत असतं, आणि मधेच तो मेसेज येऊन पडतो. वऱ्हाडातल्या बहुतेक गावांच्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल. मजकूर असा: २५२० ही जगातली एकमेव विचित्र संख्या, १ ते १० सगळ्यांनी तिला निःशेष भाग जातो, अशी संख्या असूच शकत नाही असं गणितज्ञ म्हणत होते, ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली, गुपित काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने. खाली हात जोडलेले.

भाग जातो, हे खरं आहे. बाकीचं पाहू.

'एकमेव' नाही. ५०४० ला जातो, ७५६० ला जातो, २५२० च्या कोणत्याही पटीला जातो. २५२० त्यांतली सर्वांत लहान, इतकंच.

'अशक्य' तर मुळीच नाही. सहावीतलं लेकरू लसावि काढतं तेच इथं करायचं. ८ घेतले की २ आणि ४ आपोआप आले, ९ घेतले की ३ आले. ८ × ९ = ७२. त्याला ५ ने गुणा, ३६०. आता ६ आणि १० चीही सोय झाली. राहिले फक्त ७. ३६० × ७ = २५२०. झालं, बापा.

यातच त्या 'गुपिता'चंही उत्तर आहे. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ती उणीव आठवड्याच्या ७ ने भरून निघते. गुणाकार बरोबर आहे, पण त्याचा दिनदर्शिकेशी संबंध नाही. वर्ष ३६० दिवसांचं कुठं असतं? पंचांगातल्या महिन्यात ३० तिथी असतात, तरी चांद्रवर्ष भरतं सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणून तर अधिक महिना घालावा लागतो.

आता रामानुजन. त्यांचा जन्म १८८७ चा. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं त्याच्या सुमारे २२०० वर्षं आधी लिहून ठेवलंय, की आदर्श नगरात जमीनधारक ५०४० असावेत, कारण या संख्येला ५९ विभाजक आहेत (ती स्वतः सोडून) आणि १ ते १० सलग भाग जातो, वाटणीला सोपं. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट.

मेसेजवाल्यानं रामानुजनना नको ते श्रेय दिलं आणि हक्काचं राहू दिलं, याचा मला खरा राग आहे. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक कोणत्या संख्यांना असतात? १२ ला ६ विभाजक. त्याखाली कोणालाच इतके नाहीत. ६०, ३६० याच जातीतल्या. ४८ विभाजकांची २५२० सुद्धा, पण रांगेतली एक म्हणून. १९१५ साली लंडनच्या गणित संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा यावरचा मोठा निबंध छापून आला, आणि पुढच्या वर्षी केंब्रिजची पदवी त्यांना याच कामावर मिळाली. निबंधातलं कोष्टक ६७४६३२८३८८८०० पर्यंत जातं. तिला १००८० विभाजक आहेत! कॅल्क्युलेटर नसतानाच्या त्या कोष्टकात त्यांच्याकडून एकच संख्या सुटली, २९३३१८६२५६००. तिला २३ ने गुणलं की कोष्टकातली ती शेवटची संख्या मिळते.