ठरल्या भावाचं काम

रविवारी व्हिडिओ कॉल लावला तर दाजींनी नमस्कार-चमत्कार सोडून सुरुवातच केली, "इस्रो विकायला काढालेत बघ हे लोक." दाजींचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक म्हातारं मिलिंग मशीन. निमित्त एसएसएलव्हीचं, इस्रोनं बनवलेल्या त्या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञान २०२५ मध्ये विमानं बनवणाऱ्या एचएएलनं ५११ कोटींची बोली लावून घेतलं. आता एचएएल सरकारीच की, पण दाजी ऐकतील तर ना!

मी ह्यूस्टनला राहतो, इथं हा वाद जुना झालाय. २०११ ला नासाचं स्वतःचं यान, शटल, बंद झालं आणि पुढची नऊ वर्षं नासा रशियाच्या सोयूझ यानात सीट विकत घेऊन माणसं अंतराळ स्थानकावर पाठवत होती. २०१४ मध्ये माणसं नेण्या-आणण्याचं हे काम दोन कंपन्यांना ठरल्या भावात दिलं, बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला २.६, म्हणजे मोठ्या नावाला जास्त पैसे, आपल्यासारखंच. स्पेसएक्स २०२० लाच माणसं घेऊन गेली, आणि बोइंगच्या यानातून २०२४ मध्ये आठेक दिवसांसाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स नऊ महिन्यांनी परतल्या त्या स्पेसएक्सच्या यानातून, बोइंगचं यान आधीच रिकामं खाली आलेलं. पण भाव ठरलेला होता, त्यामुळं त्या घोळाचे दोन अब्जांच्या वर डॉलर बोइंगच्याच खिशातून गेले, नासाकडं हात पसरता आला नाही.

म्हणून मी दाजींना म्हटलं, खाजगी आपल्याकडं नवं नाही, इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजकडं कधीपासून बनतंय, फक्त ड्रॉइंग इस्रोचं आणि जबाबदारीही इस्रोची. आता रॉकेटच कंपनीचं असणार, तर बुडालं तर कुणाचं हे करारात लिहिलंय का ते बघा, सरकारी-खाजगी भांडत काय बसलाय?

"ठरल्या भावाचं काम मी रोजच करालोय की," दाजी म्हणाले. "मटेरियल वाढलं तर माझ्या बोडक्यावर, पीस रिजेक्ट झाला तर माझा." गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचं विमानाच्या पार्टचं जॉबवर्क केलेलं, छोट्या उद्योगांचे पैसे द्यायला कायद्यात ४५ दिवस, पैसे आले अकरा महिन्यांनी, तेवढ्यात ताईच्या पाटल्या बँकेत. "बोइंगचे दोन अब्ज गेले तरी बोइंग हाय. माझे दोन लाख गेले तर लेथ जाते."

यावर मला काही सुचेना. नासा त्या कंपन्यांना टप्प्याटप्प्यानं पैसे देत होती, टप्पा पास की पेमेंट, एवढं सांगितलं.

"टप्पा झाला की लगेच?" त्यांनी दोनदा विचारलं.