बॉनेटला दोन खिडक्या

आमच्या जिपेला सोसायटीतली पोरं ‘म्हैस’ म्हणतात. रंग काळा, चाल संथ, चिखल दिसला की आनंद, आणि एकदा रस्त्यात बसली की कोणाच्या बापाला उठत नाही. जुनी डिझेल जीप, फोर व्हील ड्राइव्ह. घेतली होती कर्जत-लोणावळ्याच्या रानवाटांसाठी. तिकडे ती वर्षातून तीनदा जाते. उरलेलं वर्ष मुलुंड ते विक्रोळी.

आणि ती तापते. रानात तापली तर समजू शकतो. लो गिअरमध्ये दगडांवरून चढताना इंजिन जीव तोडून फिरत असतं, पण गाडी गोगलगाईसारखी सरकते, त्यामुळे समोरून वारा असा येतच नाही. इंजिनाचं पाणी निववणाऱ्या रेडिएटरने सगळी भिस्त पंख्यावर ठेवायची. कांजूरमार्गला संध्याकाळी साडेसात वाजता अगदी हीच परिस्थिती असते. फक्त दगडांच्या जागी रिक्षा. तापमानाचा काटा उजवीकडे कलायला लागला की आमची ही खिडकीतून बाहेर बघत म्हणते, “अहो, रिक्षाने गेलो असतो तर एव्हाना घरी चहा झाला असता.” म्हणजे गाडी आणि मी, दोघेही एकदमच तापतो.

उपाय मेव्हण्याने सुचवला. मेव्हण्याला गाड्यांमधलं सगळं कळतं, म्हणजे त्याने व्हिडिओ पाहिलेले आहेत. “दाजी, सोप्पं आहे. गरम हवेला वर जायचंय आणि तुम्ही तिच्या डोक्यावर पत्रा ठेवलाय. बॉनेटला व्हेंट बसवा, हवा बाहेर जायला झरोके. घरच्या घरी, दोन तासांचं काम.”

मुंबईत ‘घरच्या घरी’ या शब्दांना काय अर्थ आहे, हे त्या व्हिडिओवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं. त्यांच्याकडे गाडी ठेवायला आमच्या अख्ख्या ब्लॉकपेक्षा मोठी खोली असते. आमच्याकडे पाण्याच्या पंपाची खोली आणि सेक्रेटरींची पांढरीशुभ्र गाडी यांच्या मधली फट आहे, तिला पार्किंग म्हणतात. वीज दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा आमच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडायचा, पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या पंचांमधून तो खाली न्यायचा, आणि वॉचमनला तिथे उभं करायचं, कारण खाली खेळणारी पोरं वायर दिसली की दोरीवरच्या उड्या सुरू करतात.

खरेदीला दोन शनिवार गेले. पंच, कानस, रिवेट गन आणि जिगसॉ, म्हणजे विजेवरची करवत, नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. प्रत्यक्ष व्हेंटसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. तिथे ‘व्हेंट’ म्हटल्यावर कोणी ढुंकून बघेना. “अच्छा, जाळी!” एका दुकानदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने प्लास्टिकची एक जोडी पुढे केली. मागे दुहेरी टेप, वरून चिकटवायची, की झालं. मी म्हटलं, याच्यातून हवा कशी जाणार? तो म्हणाला, “साहेब, हवा कशाला जायला पाहिजे? सगळे हीच नेतात.” मला खरोखरच चांगल्या पत्र्यात भोकं पाडायची आहेत हे कळल्यावर त्याने आतून १४ बाय ७ इंचांची पोलादी जोडी शोधून आणली. तिच्यावरची धूळ पाहता माझ्यासारखा शेवटचा माणूस त्याच्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी येऊन गेला असावा.

आता भोकं पाडायची कुठे? मला वाटत होतं, गरम हवा वर जाते, तेव्हा पाडा कुठेही. पण तसं नाही. चालत्या गाडीत बॉनेटवरून मागे येणारी हवा काचेला थडकते आणि काचेच्या पायथ्याशी तिचा दाब वाढतो. त्या जागी जाळी बसवली तर हवा बाहेर पडण्याऐवजी वरून आतच घुसायची. (बऱ्याच गाड्यांमध्ये आत बसणाऱ्यांसाठी ताजी हवा ओढून घेण्याची जाळी म्हणूनच तिथे असते.) रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात मात्र दाब कमी असतो. हे आपल्या गाडीपुरतं तपासायचं, तर बॉनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवायचे आणि गाडी पळवून ते कसे उडतात ते पाहायचं.

भाचीच्या बाळासाठी टोपडं विणायला हिने पिवळी लोकर आणून ठेवली होती. रविवारी सकाळी सहाला, ती उठायच्या आत, मी आणि मेव्हणा चाळीस पिवळे दोरे फडफडवत ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर होतो. शास्त्र खरं निघालं. पुढचे दोरे शहाण्या मुलांसारखे सरळ आमच्याकडे झोपले होते. काचेजवळचे मात्र अंगात आल्यासारखे घुमत होते, आणि दोन-तीन तर चक्क उलटे, पुढे तोंड करून! मेव्हणा मोबाइलवर शूटिंग करत होता तोच पुढे हवालदारांनी हात केला. त्यांनी बॉनेटभोवती एक फेरी मारली. एक दोरा बोटाने उचलून पाहिला.

“नवस आहे का?”

मी हो म्हटलं. दाबाचा फरक समजावून सांगण्यापेक्षा नवस सोपा. त्यांनी बॉनेटला हात लावून छातीला लावला आणि जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी मुहूर्त. पहिल्या मजल्यावरचे काका आधीच गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. “मोटार वाहन कायदा, कलम ५२,” ते वरूनच म्हणाले. “नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. वाचलंयस का?” मी कागद काढून वाचून दाखवले. रंग होता, चासी नंबर होता, इंजिन नंबर होता, आसनसंख्या होती. भोकं किती, याचा रकाना नव्हता. काकांचं समाधान झालं नाही, पण ते खुर्चीवरून उठलेही नाहीत.

बॉनेटच्या पोटाला आतून आडवी पट्टी असते, पत्रा थरथरू नये म्हणून. ती कापायची नाही, एवढं मला माहीत होतं. बॉनेट उघडलं, टेप लावला, वहीत लिहिलं: ‘पट्टी – वरून ९ इंच.’ बॉनेट बंद केलं. वरून, म्हणजे काचेकडून, नऊ इंच मोजून तिथे खडूने ‘इथे नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या बाजूला निश्चिंतपणे ड्रिल टेकवलं. पत्रा पार झाला, आणि ड्रिलचा आवाज एकदम बदलला. आत आणखी एक पत्रा होता. बॉनेट मागच्या बिजागरीवर उघडतं, त्यामुळे उघडल्यावर जी ‘वरची’ कड असते ती मिटल्यावर सगळ्यात पुढची होते, हे ज्ञान मला त्या आवाजाने दिलं. त्या भोकावर आता ‘आई एकवीरेचा आशीर्वाद’ असं स्टिकर आहे. लोकांना ते श्रद्धेने लावलंय असं वाटतं. तशी श्रद्धा आहेच म्हणा.

मग डावं-उजवं जुळेना. जिपेचं बॉनेट पुढे निमुळतं होत जातं. मेव्हण्याने कडेपासून मोजलं, मी मधल्या रेषेपासून, आणि दोघांच्या खुणांत अर्ध्या इंचाचा फरक. वाद रंगात आलेला असताना वरून आवाज आला, “डावीकडची तिरकी आहे.” ही. हातात कणीक. मी म्हटलं, टेपने मोजलंय. तर पदराला हात पुसत खाली आली. लहानपणापासून ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईचा डोळा, त्याच्याशी टेपने काय वाद घालायचा? तिने वर्तमानपत्राचं पान मधोमध दुमडलं, एका बाजूला जाळीच्या मापाची खिडकी कापली, पान उघडलं. दोन्ही खिडक्या तंतोतंत. दिवाळीला पताका करतात तशा. घडीची रेषा बॉनेटच्या मध्यावर ठेवली, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, “आता कापा. आणि ती पिवळी लोकर कुठे गेली ते संध्याकाळी सांगा.”

इंजिनवर कीस पडू नये म्हणून मी आधीच सोलापुरी चादर अंथरली होती. ती कोणती चादर होती, हा विषयही संध्याकाळसाठी राखून ठेवण्यात आला.

जिगसॉ सुरू केला आणि मला कळलं की बॉनेट म्हणजे चार फुटांचा ताशा आहे. वेळ दुपारी सव्वादोन. रविवार. सोसायटीत २ ते ४ शांतता, असा बोर्ड माझ्या डोक्यावरच लटकत होता. वरणभात खाऊन पडलेल्या चार मजल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. पाचव्या मिनिटाला सेक्रेटरी बनियनवर, हातात नोटीस बुक घेऊन उतरले. रागाने लाल. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर जिगसॉवर गेली.

“हे ब्लेड लाकडाचं आहे.”

मी काहीच बोललो नाही.

“लाकडाचं ब्लेड लावलंय पत्र्याला! दात बघ किती लांब लांब आहेत. पत्र्याला इंचाला २४ दात लागतात.” नोटीस बुक जिपेच्या टपावर गेलं. आमचे सेक्रेटरी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये होते, हे शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. कारखाना बंद झाला, त्या जागी टॉवर आले आणि हा माणूस मेंटेनन्सच्या पावत्या फाडत बसला. त्यांनी घरून स्वतःची पेटी आणली. तिच्यातल्या कानशी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. “तेल आण,” म्हणाले. मशीन ऑइल नव्हतं, खोबरेल आणलं. तापलेल्या ब्लेडवर ते पडलं आणि सगळ्या पार्किंगला केळ्याच्या वेफर्सच्या दुकानासारखा वास सुटला. पोरं जमली. सोसायटीचा २ ते ४चा नियम त्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने, अतिशय सरळ रेषेत कापला. मी टॉर्च धरायला होतो. मेव्हणा चहा आणायला.

कडा कानसून, प्रायमर मारून, रिवेट ठोकून होईस्तोवर दिवेलागण झाली. कापलेली कड उघडी ठेवली तर मुंबईची खारट हवा तिला आठवड्यात खाते, त्यामुळे प्रायमरचे दोन हात, असा साहेबांचा हुकूम. जुळवताना काही ठिकाणी ग्राइंडरही चालवावा लागला. तोही त्यांनीच चालवला. ठिणग्या बाजूला उडत होत्या. बाजूला काय उभं आहे याचा विचार कोणीच केला नाही. दोन दिवसांनी त्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर तांबूस ठिपके उमटले, कोणी हळदकुंकवातलं कुंकूच शिंपडावं तसे. लोखंडाचे कण रंगात रुतून गंजले होते. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर कागद लागला: ‘काही सभासद पार्किंगमध्ये यांत्रिक कामे करतात, त्यांना समज देण्यात येत आहे.’ खाली सही त्यांचीच. मी तो वाचत असताना ते बाजूला येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “उजवीकडचा तिसरा रिवेट जरा बघू या का परत?”

फायदा झाला का? झाला. काटा पूर्वी जिथे जायचा त्याच्या जरा अलीकडे थांबतो, अंतर सुईच्या जाडीएवढं. पण गाडी उभी केली की दोन्ही जाळ्यांमधून गरम हवेचा झोत वर येतो, हात धरला तर शेक लागतो, आणि इंजिन पूर्वीच्या निम्म्या वेळात निवतं. सोसायटीतल्या बोक्याने डावी जाळी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे.

पावसाचा विचार मात्र आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. मेव्हण्याने पाहिलेले सगळे व्हिडिओ वाळवंटातले होते. गाडीची वीज तयार करणाऱ्या ऑल्टरनेटरवर पाणी पडू नये म्हणून सेक्रेटरींनी पत्र्याची एक पन्हळ वाकवून जाळीखाली बसवली. ती ऑल्टरनेटरला वाचवते आणि जमलेलं पाणी इमानेइतबारे एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर नेऊन सोडते.

परवा पहिला मोठा पाऊस. कांजूरमार्गचा सिग्नल, संध्याकाळचे साडेसात, काटा अगदी मध्यावर, गाडी एकदम खुशीत. आणि बॉनेटच्या दोन्ही खिडक्यांमधून वाफेचे पांढरे लोट. इडलीपात्राचं झाकण काढावं तसे. मागून हॉर्न सुरू झाले. बाजूचा बसवाला ओरडला, “ओ साहेब, गाडी पेटली!” मी काच खाली करून ओरडलो, “नाही, थंड आहे!” कोणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने आपली पाण्याची बाटली काढली, भर पावसात खाली उतरला आणि भूतदयेने सगळी बाटली उजव्या जाळीत ओतली.

लोट दुप्पट झाले. हिने पर्स उचलली, दार उघडलं आणि त्याच्याच रिक्षात जाऊन बसली.