शनिवारवाड्यापेक्षा लहान देश

'सह्याद्रीचा वारा' या नावानं प्रतिक्रिया देणाऱ्यांस,

नावावरून तुम्हाला काका म्हणावं की ताई हे कळत नाही, म्हणून नुसतंच 'तुम्ही' म्हणते. विद्यापीठात अमेरिकेचा इतिहास शिकण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचे मुद्दे असे: आमच्या शनिवारवाड्यापेक्षा वयानं लहान असलेल्या देशाचा इतिहास एका रविवारी विकिपीडियावर वाचून होतो, त्यासाठी एमए-पीएचडी कशाला आणि त्यावर पैसे कशाला घालवायचे? शिवाय मी फुले-आंबेडकरांना 'ओढूनताणून' आणलं. आणि लिंकनबद्दल चुकीचं लिहिलं.

आधी चूक. ती माझीच. '१८६३च्या घोषणेनं अमेरिकेतले गुलाम मुक्त झाले' हे वाक्य मी घाईत ठोकून दिलं होतं. अध्यक्ष लिंकनची ती घोषणा यादवी युद्धात देशातून फुटलेल्या बंडखोर प्रदेशांपुरती होती. केंटकी, डेलावेअर ही राज्यं फुटून गेलीच नव्हती, त्यामुळे तिथे डिसेंबर १८६५ मध्ये गुलामी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती येईपर्यंत माणसं कायदेशीरपणे मालकीची होती. लेखात दुरुस्ती केली आहे. (हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे एका रविवारावर तुमचंही भागलेलं दिसत नाही.)

आता तो रविवार. पहिल्या सत्रात सरांनी आमच्या हातात दोन झेरॉक्स ठेवल्या. दोन्ही मुलाखती साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावच्या, १९३७ च्या. महामंदीत बेकार लेखकांना सरकारनं जी कामं दिली त्यातलं एक म्हणजे हयात असलेल्या माजी गुलामांच्या आठवणी लिहून घेणं. अशा दोन हजारांहून जास्त मुलाखती आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी ग्रंथालयात आहेत. पहिल्या कागदावर सुझन हॅमलिन नावाची शंभरी ओलांडलेली बाई सांगते की मालक भला होता. दुसऱ्यावरची सुझन हॅमिल्टन फटक्यांबद्दल बोलते. रात्री लग्न लागलं आणि सकाळी मालकानं नवरी विकून टाकली, तिची आई रस्त्यावर उभी राहून शिव्याशाप देत राहिली, असं सांगते. सरांचा प्रश्न एवढाच: कोणावर विश्वास ठेवाल?

अर्धा तास आम्ही भांडलो. मी तर 'प्रत्येक मालक वेगळा असणार' असं समजूतदार उत्तरही देऊन मोकळी झाले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, दोन्हीकडे मालकाचं नाव फुलरच आहे. बाई एकच होती. पहिल्यांदा समोर बसलेली मुलाखतकार गोरी होती आणि ती पेन्शनच्या कामासाठी आली आहे अशी सुझनबाईंची समजूत झाली होती. दुसऱ्यांदा समोर काळा माणूस होता. निराधार योजनेच्या साहेबासमोर आपली आजी काय बोलेल आणि ओट्यावर शेजारणीपाशी काय बोलेल, हे मला चार्ल्सटनला न जाताही कळायला हवं होतं. मुंबईत एमए करताना 'अमेरिकेचा इतिहास' हा पेपर मी गाइडच्या वीस प्रश्नांवर काढला होता. यादवी युद्धाची कारणं, पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी. गुण चांगले पडले होते.

'ओढूनताणून' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. धागा त्यांनीच बांधलाय, मी फक्त दुसरं टोक शोधत गेले. आणि दुसऱ्या टोकाला काय सापडावं? त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून कोर्टाची इमारत राखत बसलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं हल्ला केला, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही मारलं. मृतांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. पुढे तिथे सरकारी पाटी लागली. तिच्यावर लिहिलं होतं 'दंगल', आणि या घटनेनं दक्षिणेतला गैरकारभार संपला, असंही. ही पाटी २०२१ पर्यंत तिथे उभी होती.

पाटीवरची ती भाषा गावातल्या कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेली नाही. यादवी युद्धानंतर काळ्यांना मतदान आणि पदं मिळाली ती मोठी चूक होती, अशी मांडणी विद्यापीठातच घडली आणि तिचे सर्वांत वजनदार प्राध्यापक विल्यम डनिंग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेका राज्यावर प्रबंध लिहिले, त्यावरून पाठ्यपुस्तकं निघाली. १९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबियात पोचले तिथे डनिंग तेव्हा अध्यापन करत होते. या मांडणीचा पंचनामा काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी १९३५ मध्ये केला. सातशेहून जास्त पानांचं पुस्तक, आणि शेवटचं प्रकरण इतिहासाच्या नावाखाली चालणाऱ्या प्रचारावर. १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते याच डू बॉईसना. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आता यातलं मी ओढलं काय आणि ताणलं काय, ते सांगा.

पैशांचं तुम्ही विचारलंत ते रास्त आहे. मला फी माफ होती. बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासायच्या आणि आठवड्याला दोन तास घ्यायचे. घर गहाण टाकून कुणी हा विषय घ्यावा असं मी लेखात म्हटलेलं नाही, आताही म्हणणार नाही.

राहता राहिला शनिवारवाडा. वास्तुशांत १७३२ ची, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा. चव्वेचाळीस वर्षांनी तुम्ही जिंकलात.