मैदानासाठी कार्यक्रम, मैदानावर ट्रक

सकाळपासून तीनदा टाइप केलं आणि तीनदा डिलीट केलं. आता टाकतेच. कुणाला लागलं तर लागू दे.

काल आपल्या मैदानासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम झाला. गाणी झाली, भाषणं झाली, सत्कार झाले, 'मैदान वाचवा' लिहिलेले टी-शर्ट घालून सगळ्यांचे फोटो झाले. आज सकाळी जाऊन बघते तर एका गोलपोस्टपासून पार मधल्या वर्तुळापर्यंत ट्रकच्या चाकांचे दोन चर. हात घालून पाहिला. मनगट बुडलं.

परवा रात्री पाऊस झाला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. स्टेजचं सामान फाटकापाशी उतरवा आणि हातगाडीने आत न्या, हे मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले होते. उत्तर काय मिळालं? "ताई, एका दिवसाने काय होतंय?"

काय होतं ते सांगते. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीतून पाणी खाली जातं, मुळांना हवा मिळते. माती ओली असताना वरून भरलेला ट्रक गेला की ती पोकळी चेपली जाते. चर दिसतात तरी, खाली घट्ट झालेला थर दिसतही नाही. तिथे पाणी मुरत नाही, मुळं शिरत नाहीत. मग पावसात डबकं आणि उन्हात फरशी. त्या फरशीवर पडून गुडघा फुटणार तो पोरांचा, भाषण करणाऱ्यांचा नाही.

आणि मैदान म्हणजे नुसती सपाट जागा, हेही डोक्यातून काढा. 68 मीटर रुंदीचं फुटबॉलचं मैदान मधून दोन्ही कडांना शंभरात एक असं उतरतं ठेवलं, तर मध्य कडेपेक्षा 34 सेंटीमीटर उंच येतो. आपल्याला ते जाणवतही नाही, पाण्याला बरोबर कळतं. आम्ही दोरी आणि लेव्हलची नळी घेऊन तो उतार काढायला किती रविवार घालवले, ते आमच्या घरच्यांना विचारा.

त्यातला पहिला रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही वीसेक जण हातभर अंतर ठेवून एका ओळीत चालत होतो, प्रत्येकाच्या हातात बादली. दगड, काचा, बाटल्यांची झाकणं. माझ्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी होती, आईचा हात सोडून मुद्दाम माझ्या बाजूला आलेली. अर्ध्या तासाने तिने तळहातावर एक गंजलेला खिळा आणून दाखवला. वाकडा, बोटाएवढा. म्हणाली, "मावशी, हा कुणाच्या तरी पायात गेला असता ना?" बादलीत टाकायला तयार नव्हती, हरवेल म्हणून. शेवटी मी तो रुमालात बांधून घरी आणला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तर आज त्या चरांच्या कडेने चालताना मला अकरा खिळे सापडले. नवे कोरे, चकचकीत. स्टेजचे.

राग ट्रकचा नाहीये हो. राग याचा आहे की नावाची पाटी लागणाऱ्या गोष्टीला पैसे येतात. कमानीला देणगीदार आहे, धावफलकाला आहे, दिव्यांना तर दोघांत चढाओढ. गवत कापायच्या मशीनच्या डिझेलला कोण आहे? चर बुजवायच्या वाळूला? मातीखाली गाडलेल्या निचऱ्याच्या पाइपवर कुणाचं नाव लिहिणार, आणि लिहिलं तरी वाचणार कोण? उद्घाटन एक दिवसाचं, गवत रोज वाढतं.

बरं, मान्य आहे. कालच्या एका संध्याकाळी जेवढे पैसे जमले तेवढे आमच्या डब्यात वर्षभरात जमले नसते. मी नाही म्हणत नाही. पण त्यातले किती आता हे दोन चर भरण्यात जाणार, तो हिशोबही त्याच स्टेजवरून वाचून दाखवा.

(मध्येच फोन आला म्हणून थांबले होते. समितीतल्याच एकाचा. ओरडायला केला असेल असं वाटलं, तर तो बिचारा आधीच माफी मागायला लागला. ट्रकवाल्या मुलाने म्हणे विचारलं होतं, "आत नेऊ का?" आणि आपल्यापैकीच कुणीतरी हात हलवून "ये, ये" केलं. कोण ते मी विचारलं नाही. खरं सांगू, मीही त्या वेळी फाटकापाशी टी-शर्ट वाटत उभी होते. मला ट्रकचा आवाज आला होता. मी वळून पाहिलं नाही.)

असो. आता कामाचं बोलू. चरांत माती लोटून वरून रोलर फिरवू नका, हात जोडते. त्याने खालचा थर आणखी घट्ट होईल. आधी दोन दिवस चर सुकू द्या, तोवर तिथे कुणी चालायचंही नाही. मग दातेरी फावडं चराच्या कडेने तिरकं खुपसून तळ हळूहळू वर उचलायचा. उचलायचा, उलटायचा नाही. उरलेल्या खोलगटात वाळूमिश्रित माती, आणि त्यात हरळीच्या कांड्या टोचायच्या. हरळी चिवट असते, एवढं एक आपल्या बाजूने आहे.

त्या मुलीच्या आईचा आत्ताच मेसेज आला. लेकीने शाळेतून येताना चर पाहिले आणि विचारतेय, रविवारी परत ओळ करायची का. काय उत्तर देऊ कळेना, नुसतं "हो" लिहिलं.

रविवारी सकाळी सहा वाजता. ज्यांच्याकडे दातेरी फावडं असेल त्यांनी आणा, बादल्या माझ्याकडे आहेत. कालच्या फोटोत पहिल्या रांगेत असलेल्यांना मी वेगळं टॅग करत नाही, त्यांना कळलंय. आणि मुलांना चपला घालून पाठवू नका, बूट घाला. अकरा सापडलेत, किती ठोकले होते कुणालाच माहीत नाही.